शून्यावर चार



आमच्या माहेरी एक वाक्प्रचार होता, तो दुसऱ्या कुठल्या घरात मी ऐकलेला नाही. दूध नासलं, लाईट गेली आणि त्यातच पाहुणे दारात उभे राहिले की अण्णा शांतपणे म्हणायचे, "शून्यावर चार झाले. आता हजारेंना पाठवा." मग आई पदर खोचायची आणि कामाला लागायची. लहानपणी आम्हा भावंडांना वाटायचं, हजारे म्हणजे कुणीतरी वाणी असावेत, अडीनडीला उधारीवर सामान देणारे. पुढे कळलं की हे विजय हजारे, आणि जन्माने आपल्याच सांगलीचे.

हजारेंचा जन्म ११ मार्च १९१५ चा. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळामास्तर, आठ मुलं. (मास्तरांच्या घरातला म्हणून मला जरा जास्तच आपुलकी, हे कबूल!) १९३९-४० मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ केले. त्याच मोसमात प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. पुढे हजारे बडोद्याचे झाले. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला लिंडवॉल-मिलरच्या माऱ्यासमोर त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन शतकं ठोकली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवलं, तो भारताचा कसोटीतला पहिलावहिला विजय. तेव्हा कर्णधार होते हेच आपले सांगलीचे हजारे.

पण आज मला त्या विजयाबद्दल लिहायचं नाही. त्यानंतर चारच महिन्यांनी सुरू झालेल्या हरण्याच्या मोसमाबद्दल लिहायचंय. त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

१९५२ च्या उन्हाळ्यात हजारेंचा संघ चार कसोट्या खेळायला इंग्लंडला गेला. विजय मर्चंट निवृत्त झाले होते. विनू मंकड हा आपला सगळ्यात मोठा अष्टपैलू खेळाडू, पण क्रिकेट मंडळाने त्यांना निवडीची हमी दिली नाही. त्यांनी लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंगडन क्लबशी करार केला. पोटापाण्यासाठी खेळणाऱ्याने दुसरं काय करायचं! समोर इंग्लंडचा कर्णधार लेन हटन हाही पगारी खेळाडू. इंग्लंडचं कर्णधारपद म्हणजे हौशी खेळाडूंची मिरास. त्या पदावर पगारी खेळाडू बसला, ही तिकडेही नवलाईच होती.

पहिली कसोटी लीड्सला. आपले ४२ धावांत ३ गेले, तेव्हा हजारे आणि वीस वर्षांचा विजय मांजरेकर यांनी २२२ धावांची भागी केली. मांजरेकर १३३, हजारे ८९. पण २६४ वर ती जोडी फुटली आणि उरलेला संघ २९ धावांत आटोपला. सगळे मिळून २९३. इंग्लंडने ३३४ केल्या. म्हणजे पिछाडी अवघी ४१ ची, सामना बरोबरीतच होता म्हणायचा.

मग शनिवार, ७ जून १९५२ चा तो दुसरा डाव. इंग्लंडचा फ्रेड ट्रूमन पहिलीच कसोटी खेळत होता. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि पहिल्या डावातला शतकवीर मांजरेकर, चौघंही अवघ्या १४ चेंडूंत बाद झाले, आणि फलकावर धावा शून्य. कसोटी क्रिकेटमध्ये इतकी वाईट सुरुवात त्याआधी कुणाची झाली नव्हती, नंतरही झालेली नाही. ट्रूमनने लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोन दांड्या उडवलेल्या. अशा वेळी कर्णधार मैदानात आला. हॅटट्रिकचा तो चेंडू त्याने कसाबसा निभावला, आणि मग दत्तू फडकरांच्या साथीने शंभरावर धावांची भागी केली. हजारे ५६, फडकर ६४, एकूण १६५. सामना सात गड्यांनी हरलो तो हरलोच. पण अण्णांच्या वाक्प्रचारातले हजारे ते हे.

दुसऱ्या कसोटीला मंकडांना क्लबकडून मागून आणलं. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, शिवाय सामन्यात ९७ षटकं टाकली. एका माणसाने आणखी काय करायचं असतं? आपण आठ गड्यांनी हरलो. तिसरी कसोटी मँचेस्टरला, पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर. एकाच दिवसात भारत दोनदा सर्वबाद, ५८ आणि ८२. कसोटीत असं प्रथमच घडलं. ट्रूमनचे एका डावात ३१ धावांत ८ बळी. चौथ्या कसोटीत ६ धावांत ५ गेले होते, पण पावसाला दया आली आणि सामना अनिर्णित राहिला. मालिका ३-० अशी गेली.

कारणं शोधायला फार लांब जायला नको. आपली मुलं मॅटिंगवर आणि पाटा खेळपट्ट्यांवर वाढलेली. ट्रूमनच्या वेगाचा गोलंदाज घरच्या सामन्यांत कुणी पाहिलाच नव्हता, तर सराव करणार कुठून? पॉली उम्रीगर यांनी त्याच दौऱ्यात काउंटी संघांविरुद्ध द्विशतकं केली, आणि कसोटींतल्या सात डावांत मिळून फक्त ४३ धावा. पंकज रॉय सातपैकी पाच डावांत शून्यावर गेले. हिंमत कमी होती म्हणणं सोपं आहे. मला तर पाठांतर करून आलेल्या मुलांपुढे पुस्तकाबाहेरचा पेपर पडावा, तसं ते वाटतं.

आता या मोसमातला माझा आवडता आकडा सांगते. हजारेंचे सात डाव असे : ८९, ५६, नाबाद ६९, ४९, १६, १६ आणि ३८. बेरीज ३३३, सरासरी ५५.५०. संघ बुडत होता, त्या सबंध मोसमात कर्णधाराची बॅट बुडाली नाही. आणि बक्षीस काय मिळालं? ऑक्टोबरात पाकिस्तानचा संघ प्रथमच भारतात आला, तेव्हा कर्णधारपद लाला अमरनाथांकडे गेलं होतं. हजारे साधे खेळाडू म्हणून उतरले आणि मुंबईच्या कसोटीत नाबाद १४६ करून गेले. कप्तानी काढली म्हणून पॅड बांधायचे थांबले नाहीत. १९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी कर्णधारपद परत मिळालं, ती मालिका १-० अशी हरलो आणि तिथेच त्यांची कसोटी कारकीर्द संपली. कर्णधार म्हणून हिशोब : १४ कसोट्या, १ विजय, ५ पराभव, ८ अनिर्णित.

पण त्याच वेस्ट इंडिजमध्ये १९५२ च्या पडेल मंडळींनी काय केलं पाहा. उम्रीगर यांनी मालिकेत ५६० धावा केल्या. किंग्स्टनला पंकज रॉय १५० आणि मांजरेकर ११८, दोघांची भागी २३७ ची. शून्यावर चार गेले होते, त्यातलेच हे दोघं! आणि याच पंकज रॉयनी जानेवारी १९५६ मध्ये मंकडांबरोबर सलामीला ४१३ धावा जोडल्या. तो विक्रम ५२ वर्षं टिकला. १९५२ च्या ऑगस्टमध्ये कुणी म्हणालं असतं की या माणसाला आता घरी बसवा, तर ते अगदी शहाणपणाचंच वाटलं असतं.

आता सत्तर वर्षं पुढे येऊ. सांगलीजवळच्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला आणि बंगळूरच्या संघाने तिला ३ कोटी ४० लाखांना घेतलं. लिलावातली ती सर्वांत महागडी खेळाडू, शिवाय कर्णधार. आणि मग संघ पहिले पाचही सामने हरला. एक ६० धावांनी, एक ९ गड्यांनी, एक तर १० गड्यांनी. शेवटी आठांपैकी दोन जिंकून पाच संघांत चौथा आला.

हजारेंची निदान स्वतःची बॅट तरी चालत होती. हिची तीही चालेना. आठ डावांत १४९ धावा. त्यात वर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली, म्हणजे एक धाव कितीला पडली याचा हिशोब प्रत्येकाच्या मोबाईलवर. १९५२ साली शिव्या घालायला लोकांना पारावर जमावं लागायचं आणि ते काही लीड्सला ऐकू जात नव्हतं. हिला मात्र रोज रात्री सगळं वाचायला मिळत असणार. सव्वीस वर्षांची पोर ती. गंमत म्हणजे संघाने पहिला सामना जिंकला, त्यात ही शून्यावर बाद झालेली!

पण इथे १९५२ पेक्षा एक गोष्ट वेगळी घडली. संघाने प्रशिक्षक बदलला, काही नव्या खेळाडू घेतल्या, पण कर्णधार बदलली नाही. पुढच्या वर्षी, १७ मार्च २०२४ ला दिल्लीत, त्याच बंगळूरने त्याच स्मृतीच्या नेतृत्वाखाली करंडक जिंकला. तिच्या धावा त्या मोसमात ३००. २०२५ च्या विश्वचषकातही भारताच्या मुली साखळीत ओळीने तीन सामने हरल्या होत्या. स्मृती तेव्हा उपकर्णधार. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत चषक कुणी उचलला ते मी सांगायला नको.

कर्णधार ठेवला म्हणून करंडक मिळतो, असा नियम यातून मी काढणार नाही. तसं असतं तर १९५३ सालीच मिळाला असता. पण मोसम हरला म्हणजे माणूस टाकाऊ ठरला, हा नियम मात्र दोन्ही वेळा खोटा ठरला.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आमच्या घरातलंच. माझ्या धाकट्या भावाचा नातू सांगलीत क्रिकेट खेळतो. वय वर्षे चौदा, संघाचा कप्तान. या मे महिन्यात त्यांचा संघ सहाच्या सहा सामने हरला. पालकांच्या ग्रुपवर कप्तान बदला म्हणून मेसेज फिरले, आणि ते त्यानेही वाचले. पुढच्या वर्षी दहावी आहेच, तेव्हा खेळ सोडलेलाच बरा, असं घरातही चाललंय. परवा फोनवर मला म्हणाला, "आत्याआजी, हरणाऱ्या टीममध्ये खेळून उपयोग काय?"

मला साताऱ्याच्या माझ्या मुली आठवल्या. लग्नानंतर मी साताऱ्याची झाले आणि एका शाळेत ३१ वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. तिथे मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे होता. ओळीने तीन वर्षं आम्ही पहिल्याच फेरीत हरून परत आलो. चौथ्या वर्षी वरून विचारणा झाली, की हरायला जायचं तर एसटीचं भाडं कशाला? मी म्हटलं, भाडं मी भरते, पण मुली जाणार. गेल्या. पहिली फेरी जिंकल्या, दुसरीत हरल्या. करंडक वगैरे काही नाही. पण परतीच्या एसटीत त्या कंडक्टरसह सगळ्या गाडीला सामना सांगत आल्या. त्यातली एक आज स्वतः मुलींना खो-खो शिकवते.

तेव्हा उपयोग काय, याचं उत्तर मला नेमक्या शब्दांत देता येत नाही. मी त्या पोराला फोनवर उपदेश केला नाही. (मास्तरणीला ते किती जड गेलं असेल!) फक्त लीड्सच्या दुसऱ्या डावाचा धावफलक माझ्या अक्षरात लिहून पोस्टाने पाठवला. पहिली चार नावं, त्यांपैकी तिघांपुढे शून्य, शून्य, शून्य, आणि चौथ्यापुढेही शून्य. मग हजारे ५६. खाली एवढंच लिहिलं, की या शून्यवाल्यांपैकी दोघांनी पुढे काय केलं ते शोधून मला कळव.

माझ्या भावाला आणि त्याच्या सुनेला मात्र इथेच सांगते, कारण तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला ठाऊक आहे. कप्तान कुणी व्हावं ते त्यांचे सर ठरवतील. कप्तानी गेली तर जाऊ दे, हजारेंचीही गेली होती. पण त्याचं किट माळ्यावर टाकू नका. दहावीचा अभ्यास सकाळी होतो, सराव संध्याकाळी असतो. आणि तो ग्रुप तेवढा त्याच्या मोबाईलवरून काढून टाका.

असो. बरंच लांबलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी १९५२ च्या त्या दौऱ्याच्या आठवणी सांगणारं कुणी असेल, तर जरूर कळवा. पत्राचं उत्तर आलं की तेही सांगेन.