वळिवड्याचे पाहुणे

मंडळी, परवा आमच्या कॉलनीच्या बैठकीत विषय निघाला. एमआयडीसीत कामाला आलेल्या बाहेरच्या पोरांना खोल्या भाड्यानं द्यायच्या नाहीत, असा ठराव करायचा म्हणे. बरेच हात वर झाले. मी गप्प बसलो. घरी आल्यावर त्या गप्प बसण्याचीच लाज वाटली, म्हणून हे लिहितोय.

साल १९४३. महायुद्ध चालू होतं. आपल्या वळिवड्याच्या माळावर बराकी उभ्या राहिल्या आणि पोलंडची माणसं येऊन उतरू लागली. बहुतेक बायका आणि पोरं. १९४०-४१ मध्ये रशियानं पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. हिटलरनं रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, आणि त्यातले काही इराणमार्गे भारतात पोचले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत पोलिश मुलांना आसरा दिला, ते बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्याहून कितीतरी मोठी, सुमारे ५,००० माणसांची वसाहत आपल्या कोल्हापूरला खेटून होती.

उगाच रंगवून सांगत नाही. कॅम्पचा निर्णय वरचा होता, सामान्य कोल्हापूरकराला कुणी विचारलं नव्हतं. भाषा, धर्म, खाणं सगळंच वेगळं. तरी ती वस्ती जवळजवळ पाच वर्षं नांदली. त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. 'आधी आमच्यासारखे व्हा, मग राहा' अशी अट नव्हती. मला यातलं हेच मोठं वाटतं.

युद्ध संपलं, पण त्यातल्या बहुतेकांची गावं रशियाच्या हद्दीत गेलेली. १९४८ पर्यंत ती माणसं जगभर पांगली. काही इथंच, आपल्या मातीत कायमची निजली. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे. आपण विसरलो, ते विसरले नाहीत.

आणि त्या बराकींचं काय झालं? फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी बांधव तिथं राहायला आले. तेच आपलं गांधीनगर! ज्यांना कधीकाळी 'निर्वासित' म्हटलं, त्यांच्याच दुकानांत आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

म्हणून पुढच्या बैठकीत मी बोलणार आहे. नियम करा, कागद बघा, पोलिसांत नोंद करा, माझी ना नाही. पण नुसतं 'बाहेरचा' म्हणून दार लावायचं, हे काही कोल्हापूरला शोभत नाही. माझ्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. त्या मी देणार.

तुमच्या घरात कुणी तो कॅम्प पाहिला असेल, आजी-आजोबांकडून काही ऐकलं असेल, तर जरूर सांगा. ती माणसं आता फार थोडी उरलीत.