परसाची वहिवाट

नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी जो दानलेख कोरविला, त्यात डहाणुका नदीवर त्याने चालविलेल्या विनामूल्य नावांचा निर्देश आहे आणि त्याच लेखात नानंगोल गावातील ३२,००० नारळीच्या रोपांचे दानही नमूद आहे. हे नानंगोल म्हणजे संजाणजवळचे नारगोळ असावे, असे विद्वान मानतात. आमच्या या किनाऱ्याच्या बागायतीचा इतका जुना लेखी पुरावा उपलब्ध असणे अभिमानास्पद खरेच. परंतु नारळीला शिलालेख मिळाला, पानवेलीला सरकारी दप्तरात जागा मिळाली, आणि ज्या दोडक्या-पडवळांवर या प्रांतातील घरोघरची चूल पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यांना मात्र कोणत्याही कागदात स्थान मिळाले नाही. बागायत आणि जिरायत यांची जमाबंदी झाली, डोंगरउतारावरच्या वरकसाचीही मोजणी झाली. घरामागचे परस गावठाणात पडल्यामुळे त्याचा सारा नाही, सातबारा नाही, आणि म्हणून त्याचा इतिहासही नाही. त्याला आहे ती केवळ वहिवाट.

केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, चिंचणी ही गावे ज्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसली आहेत, त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाजण. अशा जागी गोड पाणी मिळते, ते पावसाचे पाणी वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते म्हणून; उपसा बेताने केला तर विहीर गोड राहते, हाव धरली तर खारट होते. मडक्यांच्या माळेचा रहाट संथ फिरे, आणि त्याच्या त्या संथपणातच विहिरीचे रक्षण होते. सुक्या मासळीचे आणि एरंडीच्या पेंडीचे खत घालून वाडवळ समाजाने या वाळूची वाडी केली. इतिहासकार राजवाड्यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त या किनाऱ्यावरील वसाहतीची हकीकत आली आहे. आज ज्याला पालघर तालुका म्हणतात, त्याचे नाव १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात माहीम असेच आहे. वाडीतली केळी आणि विड्याची पाने बाजारात जात. घरात शिजे ते मात्र परसातले.

या परसाचा पुरावा दप्तरात शोधण्याऐवजी भाद्रपद शुद्ध पंचमीच्या स्वयंपाकात शोधावा. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, हा नेम महाराष्ट्रभर पाळला जातो. याचा सरळ अर्थ असा की, नांगर न लावता, खुरपे आणि हात एवढ्यावर पिकविलेल्या जमिनीतून त्या दिवशी सर्व कुटुंबाचे पोट भरू शकत होते. अळू, भेंडी, दोडका, पडवळ, माठ, सुरण, लाल भोपळा, मक्याचे कणीस असे जे जे त्या दिवशी एका पातेल्यात पडते, ते म्हणजे भाद्रपदातील परसाची यादीच होय. आणि या यादीतही इतिहास दडला आहे. लाल भोपळा आणि मका ही दोन्ही पिके अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या नव्या पिकांबरोबर मिरची, रताळे, पेरू आणि काजूही आले. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला आणि पोर्तुगीजांचा अंमल उठला. त्यांच्या काळी आलेल्या वेली मात्र परसात रुजून इतक्या आपल्या झाल्या की, त्यांना ऋषींच्या नैवेद्यात मान मिळाला.

परसाचे खरे दप्तर म्हणजे बियाणे. मांडवावरच्या दोडक्यांतले एक सरळ, भरलेले फळ न तोडता वेलीवरच ठेवावयाचे, आश्विन-कार्तिकात ते वाळून हलविल्यावर आतल्या बिया खुळखुळू लागल्या की उतरवावयाचे, आणि बिया राखेत घोळून चुलीवरच्या आढ्याला टांगावयाच्या. धुराने कीड लागत नाही. मृगाचा पाऊस पडला की त्याच बिया पुन्हा आळ्यात जात. कोणते फळ राखावयाचे हा निर्णय घरातील वडीलधाऱ्या बाईचा असे, आणि त्या निर्णयातून तिने किती पिढ्यांचे वाण घडविले, याची गणती कोणी केली नाही.

वाडीच्या पूर्वेस, जंगलपट्टीत, वारली, कोकणा आणि मल्हार कोळी यांचे परस म्हणजे सगळे रानच. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारे शेवळ नुसते शिजविले तर घसा खाजवते. म्हणून त्याची वरची पाने सोलून, आतल्या दांड्याचा पिवळा भाग टाकून, ते काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवावयाचे. दोन्ही वस्तू एकाच सुमारास रानात मिळतात, आणि ही सांगड ज्यांनी प्रथम जुळविली त्यांचे ज्ञान कोणत्याही शास्त्राहून उणे नव्हे. पुढे टाकळा, कुर्डू, कर्टोली. भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल. आणि थंडीत वालपापडी, कोनफळ, रताळी एकत्र शिजविलेली उकडहंडी. पालघर-बोईसरच्या बाजारात आजही आदिवासी स्त्रिया जुड्या आणि वाटे मांडून बसतात, तेव्हा त्यांच्यापुढच्या पाटीवरून महिना ओळखता येतो.

१८६४ साली रेल्वेचा मार्ग मुंबईपर्यंत पूर्ण झाला आणि वाडीचा माल शहराकडे निघाला. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठविण्यात आली. शेतीसाठी योजिलेल्या सूर्या प्रकल्पाचे पाणी शहरांकडे वळले. मोटारपंपाने रहाटाची संथ गती मोडली. विजेची आणि रोजगाराची गरज मी नाकारीत नाही. परंतु विस्थापिताला मोबदला मिळतो तो सातबाऱ्यावरच्या जमिनीचा आणि घराच्या भिंतींचा, मांडवावरच्या वाणाचा पंचनामा कोणी करीत नाही, आणि ही हानी मला फार मोठी वाटते. तरीही बोईसरच्या चाळींत आणि इमारतींत बिहार, उत्तर प्रदेश, खानदेश, विदर्भ येथून आलेली कुटुंबे रंगाच्या रिकाम्या डब्यांत घेवडा, कारले, मिरची लावताना दिसतात, तेव्हा ही परंपरा केवळ जातीची किंवा गावाची नसून मनुष्याची आहे, अशी माझी खात्री होते.

वहिवाटीचा हक्क कागदाने नव्हे, अखंड वापराने टिकतो. म्हणून वाचकांस माझी एवढीच विनंती आहे: यंदा खिडकीत, गच्चीत किंवा अंगणात एक वेल लावावी, बाजारातून आणावयाचे ते ऋतूचे आणावे, आणि वेलीवरचे एक चांगले फळ न तोडता बियाण्यासाठी राखावे.