बुधवार पेठेतील नेपाळी स्थलांतर

पुण्यातील बुधवार पेठ दगडूशेठ हलवाई गणपती आणि अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानांमुळे परिचित असली, तरी येथील वेश्यावस्तीत नेपाळहून आलेल्या स्त्रियांचे स्थलांतर तुलनेने दुर्लक्षित राहिले आहे.

३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीत वास्तव्य, व्यापार व संचाराची मुभा दिली. सीमा ओलांडण्यास व्हिसा लागत नाही. या मुभेवर असंख्य नेपाळी कामगारांचा चरितार्थ चालतो. मात्र मुलींना फसवून विकणारे दलालही तिचाच आधार घेतात. अर्थात, येथील प्रत्येक स्त्री फसवूनच आणलेली असते, असे नव्हे.

अधिक बिकट प्रश्न मुलांचा आहे. १ जुलै १९८७ पासून भारतात केवळ जन्मावरून नागरिकत्व मिळत नाही. माता किंवा पिता भारतीय असावा लागतो. २००४ मध्ये ही अट आणखी कडक झाली. पित्याची नोंद नसल्यास नेपाळी मातेच्या अपत्याला ती सिद्ध करणे अवघड जाते. नेपाळमध्येही मातेच्या नावाने नागरिकत्व मिळवणे दीर्घकाळ कठीण होते. परिणामी पुण्यात जन्मून मराठी बोलत वाढलेले मूल कागदोपत्री कोणत्याच देशाचे नसू शकते. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाकाळात, ओळखपत्राचा आग्रह न धरता देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना शिधा देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दिला.