घाव पडण्याआधी

सावित्रीबाईंनी मुलींना शिकवलं, हे आपल्या लेकींनाही पाठ आहे. आज त्यांचं दुसरं एक काम सांगते. ज्यांच्या जिवाला धोका होता अशा तरुण मुलामुलींना त्यांनी आधार दिला, त्याची ही गोष्ट.

पुण्यात जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिच्या मागे लागून तिला फसवलं. तिला दिवस गेले. पोट पाडायची औषधं घेतली, पण उपयोग झाला नाही. मूल झाल्यावर अब्रूच्या भीतीने तिने ते मारलं आणि विहिरीत टाकलं. खटला तिच्यावर चालला आणि जन्मठेप होऊन ती काळ्या पाण्यावर गेली.

१८६३ साली फुले पतिपत्नींनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. भिंतींवर जाहिराती लावल्या. विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की तिथेच ठेवायचं ते त्यांनी ठरवावं, असा त्यांचा आशय होता. नाव-गाव उघडं होण्याची भीती नव्हती, म्हणून बायका आल्या.

१८८४ साली जोतीरावांनी सरकारला लिहून कळवलं की तोवर ३५ जणी तिथे बाळंत झाल्या. त्या बाळांपैकी जगली फक्त ५. बाकीची ३० गेली, कारण पोट लपवायला आयांनी आधीच विषारी औषधं घेतली होती. दार उघडं होतं, पण पोरी तिथवर फार उशिरा पोचत होत्या.

उशीर होऊ न देणं म्हणजे काय, ते सावित्रीबाईंच्या एका पत्रातून कळतं. २९ ऑगस्ट १८६८ रोजी माहेराहून, साताऱ्याकडच्या नायगावातून, त्यांनी ते जोतीरावांना लिहिलं. गणेश हा गावोगाव पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण. शारजा महार समाजातली मुलगी, सहा महिन्यांची गरोदर. गावकरी दोघांना मारहाण करत, गावातून फिरवत, जिवे मारायला घेऊन निघाले होते. कानावर येताच सावित्रीबाई धावत गेल्या. चूक कोणाची, हे विचारत बसल्या नाहीत. खून केलात तर इंग्रज सरकार सोडणार नाही, असं जमावाला ठणकावलं. दोघांनी गाव सोडावं, यावर लोक कसेबसे तयार झाले. मग 'जा कुठेही' म्हणून त्यांनी त्या दोघांना वाऱ्यावर सोडलं नाही. पुण्याला जोतीरावांकडे पाठवलं.

आपल्या गटाच्या बैठकीत कोणाचा हप्ता थकला, ते लगेच लक्षात येतं. कोणाच्या पोरीची शाळा अचानक बंद झाली, कोणीला घरात कोंडलंय, प्रेमप्रकरणावरून कोणत्या पोराला धमक्या येताहेत, तेही आपल्याला पाणी भरताना कळतंच. पण आपण कुजबुजतो आणि घरी जातो. यापुढे त्या पोरीशी, पोराशी एकटं गाठून बोलू या. चारचौघांत नको. अठराच्या आतलं लेकरू असेल तर १०९८ ला फोन करा, बाईला मदत हवी असेल तर १८१ ला, आणि जिवावर बेतलं असेल तर सरळ ११२ ला.

आणि त्या ३० बाळांचा आकडा विसरू नका.