विद्येचा वाटा : डॉ. पंजाबराव देशमुख



अकोल्याचे कृषी विद्यापीठ ज्यांच्या नावाने चालते, त्या डॉ. पंजाबराव देशमुखांना आपण शेतकऱ्यांचे पुढारी म्हणून ओळखतो. परंतु ते मुळात धर्म आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी, २७ डिसेंबर १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्यास शिकून ते विलायतेस गेले. एडिंबरोची एम.ए., ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी त्यांनी मिळविली. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. तो १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

एवढे शिकलेला माणूस मोठ्या शहरात वकिली करून सुखाने राहिला असता. पंजाबराव वऱ्हाडात परतले. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून अमरावतीत १९२७ साली चळवळ उभी राहिली, तेव्हा ते तिच्या बाजूने उभे होते. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. १९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले. बहुजनांच्या मुलांसाठी त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता येईल असे श्रद्धानंद छात्रालय चालविले. घटना समितीत ते सभासद होते. १९५२ ते १९६२ या काळात त्यांनी केंद्रात कृषिखाते सांभाळले. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

आता एका घरगुती गोष्टीकडे लक्ष द्यावे. १९२७ सालीच त्यांनी जातीबाहेर, सोनार समाजातील विमलाबाई वैद्य यांच्याशी विवाह केला. त्या काळी वऱ्हाडात ही साधी गोष्ट नव्हती. विमलाबाई बी.ए., एलएल.बी. झाल्या आणि १९६७ ते १९७२ पर्यंत राज्यसभेच्या सभासद होत्या. सभेत समतेवर भाषण करणे सोपे असते. घरातील स्त्रीच्या हाती कायद्याचे पुस्तक असावे, हे मानणारे घर मात्र विरळा.

हे आज का सांगावे? मुलाच्या फीसाठी आपण उसनवारी करतो, आणि मुलगी मॅट्रिक होताच म्हणतो, “आता पुरे.” कॉलेज लांब आहे, शिकलेल्या मुलीला स्थळ मिळत नाही, ही कारणे आपण सर्वांनीच ऐकली आहेत, काहींनी दिलीही आहेत. कॉलेज लांब असेल तर वसतिगृह शोधता येते, समाजाला ते उभारताही येते. शिकलेल्या मुलीला नाकारणारे स्थळ आपल्या मुलीच्या योग्यतेचे आहे काय, याचाही विचार व्हावा.

मुलींनो, अर्ज तुम्ही स्वतः भरा. पालकांनो, त्यावर सही करताना हात आखडू नका. विद्येत तिचाही वाटा आहे.