रुग्ण ग्राहक कसा झाला?

अर्थशास्त्राच्या अभ्यासात आल्बर्ट हर्शमन यांचे १९७० मधले एक छोटेखानी पुस्तक वाचले होते. सेवा असमाधानकारक असेल तर माणसापुढे दोन मार्ग असतात, असे ते सांगते : सोडून जाणे, किंवा आवाज उठवणे. रुग्णाच्या हक्कांचा आपल्या देशातील इतिहास पाहताना मला हे पुस्तक वारंवार आठवते.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या शब्दाची व्याख्या ऐसपैस होती. मात्र मोफत सेवा तिच्यातून वगळली होती. वैद्यकीय उपचारांचा त्यात स्पष्ट उल्लेख नव्हता. डॉक्टर मंडळींचे म्हणणे असे, की आमच्यावर वैद्यक परिषदेचे नियंत्रण आहेच. ग्राहक मंचावरील सदस्यांना उपचारांतले काय कळणार? अखेर १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या प्रकरणात निर्णय दिला, की मोबदला घेऊन केलेला उपचार ही सेवाच होय. विमा कंपनीने किंवा मालकाने बिल भरले, तरी रुग्ण ग्राहकच राहतो. काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात मोफत उपचार घेणाराही ग्राहक ठरतो.

निकालाची दुसरी बाजू फारशी चर्चिली जात नाही. जेथे सर्वांवरच मोफत उपचार होतात, ती रुग्णालये, सरकारी असोत वा धर्मादाय, कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. केसपेपरसाठी नाममात्र रक्कम भरली म्हणून रुग्ण ग्राहक होत नाही. सरकारला भरलेला करही मोबदला मानला गेला नाही.

याचा अर्थ असा, की ज्याला दुसऱ्या डॉक्टरकडे जाणे परवडते, त्याला दाद मागण्याचा सोपा मार्गही मिळाला. ज्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्याखेरीज गती नाही, त्याच्यासाठी उरला दिवाणी न्यायालयाचा लांबचा आणि खर्चिक रस्ता. न्यायालयाने कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावला, त्याला दोष देता येणार नाही. शब्द आम्हा शासनकर्त्यांचे होते.

२०१८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णहक्कांची सनद तयार केली. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा आणि औषधे कोठून घ्यावीत हे ठरवण्याचा हक्क तिच्यात आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने गरीब कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी, गाव सोडून परराज्यात राबणाऱ्यालाही, संलग्न रुग्णालयांतून निवड करण्याची मुभा दिली. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यातही डॉक्टर येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. पण मोफत सेवा त्याही कायद्याने वगळलेलीच आहे.

माझ्या खिशात केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे कार्ड आहे. थोडीबहुत निवड मला नोकरीने दिली. ज्याला निवडच नाही, त्याला आवाजाची गरज माझ्याहून अधिक आहे. प्रत्येक सरकारी रुग्णालयात त्याची तक्रार ठरावीक मुदतीत ऐकून लेखी उत्तर देणारी व्यवस्था उभारणे, हे काम न्यायालयाचे नव्हे. ते आमचे आहे.