रंगमापक उपकरणे व तापमान

मॉनिटर व दूरचित्रवाणीच्या पडद्यांचे रंग प्रमाणाबरहुकूम जुळवण्यासाठी कलरिमीटर आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर वापरतात. तापमान बदलले की या दोन्हींची रीडिंग ढळू शकतात, आणि ती सर्वांत जास्त ढळतात काळ्या रंगाजवळ.

याचे मूळ प्रकाश टिपणाऱ्या सिलिकॉनच्या फोटोडायोडमध्ये आहे. पूर्ण अंधारातही त्यातून अत्यल्प प्रवाह वाहतो. त्याला डार्क करंट म्हणतात. तापमान साधारण ८ ते १० अंश सेल्सिअसने वाढले की तो जवळपास दुप्पट होतो. उपकरणाला हा प्रवाह प्रकाशच वाटतो. समजा, त्यामुळे रीडिंग ०.०१ निटने (निट हे पडद्याच्या तेजाचे एकक) वाढले. १०० निटच्या पांढऱ्यात ही चूक दहा हजारांत एक, म्हणजे नगण्य. पण पडद्याचा काळा ०.०५ निट असेल तर तीच चूक २० टक्के होते, आणि २,०००:१ असलेला कॉन्ट्रास्ट सुमारे १,६७०:१ दिसतो. लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही वाहिन्यांत चूक सारखी नसेल, तर गडद करड्यात नसलेली छटा मोजली जाते. सॉफ्टवेअर ती ‘दुरुस्त’ करते आणि चांगल्या पडद्याच्या सावल्या रंगीत होऊन बसतात.

स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये हा त्रास अधिक. तिथे प्रकाश वर्णपटात पसरून अनेक डायोडांत विभागला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच येतो, म्हणून अंधाऱ्या रंगांना मोजणीचा वेळ वाढवावा लागतो आणि तेवढा वेळ डार्क करंटही साठत राहतो. म्हणूनच असे उपकरण अधूनमधून त्याच्या पांढऱ्या टाइलवर ठेवून, प्रकाश पूर्ण अडवून शून्य जुळवून घेतात. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. कलरिमीटरच्या फिल्टरांवर उष्णतेचा परिणाम त्या मानाने कमी असतो, मात्र जिलेटिनचे फिल्टर दमटपणाने बिघडतात.

उष्णतेचा एक स्रोत खुद्द पडदाच असतो. त्याला टेकवलेले उपकरण हळूहळू तापते, त्यामुळे थंड असताना जुळवलेले शून्य तासाभराच्या मोजणीत निरुपयोगी ठरू शकते. पडद्यालाही स्थिरावायला अर्धा तास तरी द्यावा. उपकरण त्या वेळात पडद्यावरच ठेवले, तर दोघेही एकदम स्थिर होतात. शून्य जुळवायचे ते त्यानंतर. मुंबईच्या पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून बाहेर काढलेल्या थंड भिंगावर बाष्प धरते. ते पूर्ण उडेपर्यंत मोजणी करू नये.